गाणारी जमीन

लांकडी जमिनीचें कुरकुरणें हें गृहस्थाच्या दृष्टीनें एक लहानसें पण चिवट दुखणें होय. रात्रीं कोणी पाणी पिण्यास उठला, कीं साऱ्या घरास त्याची वर्दी मिळते. अशा जुन्या जमिनीवर नवी जमीन घालावयाची झाल्यास अनुभवी सुतार प्रथम नव्या फळ्यांना हात लावीत नाहीं. तो जुन्या जमिनीवरून पाऊल पाऊल चालतो, आवाज होईल तेथें खडूची खूण करतो आणि त्या आवाजाचें मूळ शोधतो. लांकूड सुकून आकसतें, खिळ्याचें भोंक सैल होतें, फळी व तिच्याखालची तुळई यांत बारीक फट पडते. मग पावलासरशी फळी खालींवर होते, आणि खिळ्याशीं अथवा शेजारच्या फळीशीं घासून बोलूं लागते. उपाय साधे आहेत. सैल फळी स्क्रूनें तुळईशीं आवळावी. फटींत पातळ पाचर हलक्या हातानें सरकवावी. जोरानें ठोकल्यास फळी उचलली जाऊन फट वाढते. हें न करितां वर नवी जमीन घातली, तर आवाज खालीं तसाच राहतो, आणि पुढें दुरुस्तीसाठीं दोन्ही जमिनी उचकटाव्या लागतात.

हा सुतारी नियम इतिहासाच्या अभ्यासकासही किती उपयोगी आहे, हें जपानांतील एका प्रसिद्ध जमिनीवरून दिसून येतें. क्योतो शहरांतील निजो किल्ला तोकुगावा इयेयासू यानें १६०३ मध्यें बांधविला. त्याचा नातू इयेमित्सू याच्या कारकीर्दींत, सम्राट गो-मिझुनो याच्या १६२६ मधील भेटीसाठीं, त्याचा मोठा विस्तार झाला. तेथील निनोमारु राजवाड्याच्या पडव्यांतून चालूं लागलें, कीं पायांखालच्या फळ्या पाखराप्रमाणें चिवचिवतात. जपानी लोक अशा जमिनीस 'उगुइसुबारी' म्हणतात. उगुइसु हा तिकडील एक लहान गाणारा पक्षी. इंग्रजींत त्याचा 'नाइटिंगेल' झाला, जो वस्तुतः निराळा पक्षी आहे. आणि सरोजिनी नायडू यांच्या बिरुदांतील हाच इंग्रजी शब्द आपण 'भारतकोकिळा' असा उतरविल्यामुळें मराठी वाचकाच्या कानांत तिसराच पक्षी बोलूं लागतो. एका नांवावर दुसरें नांव असें सहज चढतें.

नांवाप्रमाणेंच या आवाजावर एक कथाही चढली आहे. शोगुनाच्या जिवावर उठलेला मारेकरी चोरपावलांनीं आला, तर जमिनीनेंच पहारेकऱ्यांस जागें करावें, म्हणून चतुर सुतारांनीं ती मुद्दाम तशी घडविली, असें सांगतात. क्योतोमधील चिओन-इन मंदिराच्या पडवीविषयींही अशीच आख्यायिका आहे. कथा गोड आहे, आणि दीर्घ यादवीनंतर सत्तेवर आलेल्या घराण्यास ती शोभतेही. परंतु शोभणें म्हणजे घडणें नव्हे. फळ्यांखालीं पाहिलें तर त्या तुळयांशीं लोखंडी आंकड्यांनीं जखडलेल्या आणि ते आंकडे खिळ्यांनीं पक्के केलेले दिसतात. वर भार पडला, कीं खिळा व आंकडा एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणाचा स्वर उमटतो. वर्षानुवर्षांच्या झिजेमुळें हें घडतें, असा खुलासा किल्ल्यांतील माहितीफलकावरच केलेला आहे. फळ्या हलूं नयेत म्हणून जी योजना केली, तिच्याच शैथिल्यांतून हें गाणें जन्मलें.

यावर कोणी म्हणेल, पहारेकऱ्यांस त्या आवाजाचा उपयोग झालाच नसेल कशावरून? झालाही असेल. पण एखाद्या गोष्टीचा उपयोग होणें निराळें आणि ती त्या उपयोगासाठीं निर्माण होणें निराळें. भिंतीच्या भेगेंतून उजेड येतो, म्हणून गवंड्यानें ती खिडकी म्हणून ठेविली असें आपण म्हणत नाहीं. परिणामावरून हेतूचा निश्चय करण्याचा मोह इतिहासांत फार मोठा असतो, कारण हेतु सांपडला कीं गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटते.

याच राजवाड्यांत १८६७ मध्यें शेवटचा शोगुन योशिनोबू यानें राज्यसत्ता सम्राटास परत करण्याचा निर्णय जाहीर केला. १९९४ मध्यें निजो किल्ल्याची जागतिक वारशांत गणना झाली. वारसा म्हटला कीं जतन आलें, आणि येथेंच खरा पेंच उभा राहतो. सैल खिळे आवळले, तर सुतारांना अभिप्रेत असलेली घट्ट जमीन परत मिळेल. परंतु ज्या स्वरासाठीं लोक दुरून येतात तो लोपेल. न आवळले, तर झीज वाढत जाईल. सतराव्या शतकाचें कौशल्य राखावें कीं त्यानंतरच्या काळानें त्यावर केलेलें काम राखावें?

माझ्या मतें, फळीस धोका नसेल तोंवर आवाज राहूं द्यावा. तोही त्या वास्तूच्या आयुष्याचा भाग झाला आहे. कथाही सांगावी, परंतु कथा म्हणून सांगावी, आणि तिच्याशेजारीं खिळ्याची हकीकत लिहावी. घरांतील जमिनीची गोष्ट वेगळी. तेथें स्वस्थ झोंप हवी असेल, तर नवी जमीन घालण्यापूर्वीं गुडघे टेकून जुनीचा कानोसा घेतलाच पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकानेंही कथेची सुंदर फळी बसविण्यापूर्वीं तेवढे श्रम घ्यावेत, म्हणजे पुढच्या पिढीस दोन्ही जमिनी उचकटण्याचा प्रसंग येणार नाहीं.