गांभीर्य आणि गांभीर्याचा आव

कल्याण सोडून कर्जतच्या वाटेला लागलेल्या आगगाडीला विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन स्थानकें ओळीनें लागतात. त्यांपैकीं अंबरनाथ येथें वालधुनी नदीच्या कांठीं एक प्राचीन शिवालय उभें आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा असून, त्यांत शिलाहार राजा माम्वाणी याचें नांव येतें. बाहेरून पाहतां त्याच्या भिंती मूर्तींनीं आणि नक्षीनें भरून गेलेल्या दिसतात. परंतु सभामंडपांतून गाभाऱ्याकडे वळलें, कीं सुमारें वीस पायऱ्या खालीं उतराव्या लागतात. खालीं केवळ शिवलिंग, आणि शिखर अपुरें राहिल्यामुळें वर उघडें आकाश. त्या गाभाऱ्याची खोली बाहेरच्या नक्षीवरून अजमावतां येत नाहीं. उतरून गेलें तरच ती कळते.

जो चित्रपट ‘कलात्मक’ म्हणून ओळखला जातो, त्याच्यासंबंधीं प्रेक्षकाच्या मनांत नेमका हाच प्रश्न उभा राहतो. समोर दिसतें तें खरोखर खोल आहे, कीं खोलीचा नुसता आव आहे? संथ गति, अबोल पात्रें, अर्धवट सोडलेला शेवट हीं लक्षणें दोन्हीकडे सारखींच आढळतात. मग निवाडा कशावरून करावयाचा? महाराष्ट्राच्या चित्रपटाचा इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो.

पहिला दाखला पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’चा. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. दोघेहि कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं तयार झालेले कसबी कारागीर. कलेच्या तत्त्वज्ञानावर व्याख्यानें देणारे पंडित नव्हेत. १९३६ च्या डिसेंबरांत हा बोलपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत लागला आणि ५७ आठवडे चालला. पुढच्याच वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत जगांतील तीन उत्कृष्ट चित्रपटांमध्यें त्याची गणना झाली. खेड्यांतून आलेला वारकरी आणि युरोपांतील परीक्षक या दोघांनाहि जो एकाच वेळीं पटला, त्याचें गांभीर्य कोणत्याहि विशिष्ट वर्गाच्या अभिरुचीवर अवलंबून नव्हतें, हें उघड आहे.

या चित्रपटांत आपल्या प्रश्नाचें उत्तर जणूं पात्ररूपानेंच वावरतें. तें पात्र म्हणजे सालोमालो. तुकोबांचे अभंग तो आपल्या नांवावर खपवतो आणि त्यांवर हरकतींचा साज चढवून लोकांपुढें मिरवतो. विष्णुपंत पागनिसांचे तुकोबा तेच शब्द गातात, तेव्हां आवाजांत कसलेंहि प्रदर्शन नसतें. शब्द तेच, देव तोच, ऐकणारा गांवहि तोच. तरी एक खरा आणि दुसरा खोटा, हें कोणीहि न सांगतां लहान मुलालाहि समजतें. फरक इतकाच, कीं तुकोबा प्रत्येक शब्दाची किंमत संसार उधळून चुकवीत असतात आणि सालोमालो त्याच शब्दांची किंमत लोकांकडून वसूल करीत असतो.

गौरी या अभिनेत्रीनें उभी केलेली जिजाई तर याहून बोलकी आहे. मूल आजारी पडलें म्हणून ही बाई हातांत पायताण घेऊन विठोबाला जाब विचारण्यास देवळांत शिरते. भक्तीच्या चित्रपटांत देवावर उगारलेलें पायताण दाखविणें हें धाडसच होतें. परंतु तें धाडस दिग्दर्शकांच्या चातुर्याचें वाटत नाहीं, उपाशी मुलांच्या आईचें वाटतें. अखेरीस तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई मात्र संसारासाठीं मागें राहते. भक्तिभाव आणि भाकरी यांतील हा ताण चित्रपट सोडवून टाकीत नाहीं; म्हणूनच तो इतक्या वर्षांनंतरहि मनांतून जात नाहीं.

येथें एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. अनुकरण म्हणजे ढोंग, असा सरधोपट नियम करतां येणार नाहीं. याच चित्रपटासाठीं शांताराम आठवले यांनीं लिहिलेलें एक पद अनेकांना खुद्द तुकोबांचेंच वाटलें. आठवल्यांनीं शैली उसनी घेतली खरी. पण ती आपला मोठेपणा मिरविण्यासाठीं न घेतां प्रसंगाच्या सेवेला लावली. सालोमालोनें नेमकें उलट केलें.

पुढें काळ पालटला. १९५५ सालीं ‘पथेर पांचाली’ आला. १९६० सालीं सरकारी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन झाली आणि धंदेवाईक निर्माते ज्यांना दारांतहि उभे करीत नसत, अशा तरुणांना कर्ज मिळूं लागलें. मणि कौल यांचा ‘उसकी रोटी’ आणि कुमार शहानी यांचा १९७२ सालचा ‘माया दर्पण’ हे त्यांतले सर्वांत वादग्रस्त. दोघेहि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्यें ऋत्विक घटकांचे शिष्य. शहानी तर पुढें फ्रान्समध्यें रोबेर ब्रेसाँ यांच्याजवळहि राहून आले. कोणी म्हणालें, हिंदी चित्रपट आतां प्रौढ झाला. कोणी म्हणालें, ही परदेशी व्याकरणाची घोकंपट्टी आहे. खुद्द सत्यजित राय यांनीं १९७१ आणि १९७४ सालच्या लेखांत या नव्या प्रवाहाविषयीं तीव्र शंका बोलून दाखविल्या.

हा वाद केवळ पंडिती नव्हता. १९७६ सालीं संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीनें कॉर्पोरेशनच्या धोरणावर टीका केली. ज्यांना प्रेक्षक लाभत नाहीं अशा चित्रपटांवर जनतेचा पैसा कां खर्चावा, हा प्रश्न अवास्तव नव्हता. परंतु ‘माया दर्पण’नंतर शहानी यांना दुसरा मोठा चित्रपट, ‘तरंग’, पडद्यावर आणण्यास १९८४ साल उजाडलें. बारा वर्षें! आव आणल्याचा आरोप कधीं खरा असतो, कधीं खोटा. पण त्याचा दंड कलावंताला दोन्ही वेळीं सारखाच भरावा लागतो. म्हणूनच तो शब्द तोलून वापरला पाहिजे.

‘उसकी रोटी’ पाहून प्रेक्षक कंटाळतो, हें खरें. परंतु त्यांत आहे काय? मोटारहाक्या नवऱ्यासाठीं भाकरी घेऊन एक बाई रस्त्यावर वाट पाहत उभी आहे. वाट पाहणें हाच जेथें विषय आहे, तेथें वेळ लांबणें हें विषयाचेंच अंग ठरतें. तोच संथपणा पुढें ज्यांनीं कथेंत वाट पाहणारें कोणी नसतांनाहि उचलला, त्यांच्या हातीं मात्र नुसती घड्याळाची टिकटिक राहिली. एक रीति एके ठिकाणीं खरी आणि दुसऱ्या ठिकाणीं पोकळ असूं शकते, ती अशी.

याच काळांतला ‘गर्म हवा’ उल्हासनगरच्या रहिवाशांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. १९४७ सालच्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींतील बराकींत सिंधहून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना आसरा मिळाला. १९४९ च्या ऑगस्टमध्यें गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें त्या वसाहतीचें उल्हासनगर झालें. एम. एस. सथ्यू यांच्या चित्रपटांत या कहाणीची दुसरी बाजू आहे. आग्र्यांतील एक मुसलमान कुटुंब आपल्या हवेलीस मुकतें आणि ती एका सिंधी निर्वासिताच्या, अजमानी यांच्या, ताब्यांत जाते. सथ्यूंना अजमानींना दुष्ट रंगविणें सोपें होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. ए. के. हंगल यांनीं साकारलेला हा गृहस्थ स्वतः घर गमावून आलेला आहे, आणि त्याला समोरच्याचें दुःख कळतें. घर सोडण्यास नकार देऊन लपून बसणारी म्हातारी आजी, आणि तिचा अंतकाळ जवळ आल्यावर तिला त्याच हवेलींत उचलून आणण्याचा प्रसंग, यांत कोणतेंहि गूढ चिन्ह नाहीं. ज्यानें घर सोडलें आहे त्याला तेथें भाष्याची गरज पडत नाहीं.

अलीकडचा दाखला चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चा. २०१४ सालीं व्हेनिसला गौरविलेल्या या मराठी चित्रपटांत कॅमेरा बहुधा जागचा हलत नाहीं. एका लोकशाहीरावर खटला चालतो, तारखा पडत राहतात. सरकारी वकील बाई लोकल गाडींतून घरीं येतात, स्वयंपाक करतात, नाटकाला जातात. या मार्गावर रोज गर्दींत उभ्या राहणाऱ्या बायकांना ती बाई अनोळखी वाटणार नाहीं. आणि तिच्यासारखें साधें, कष्टाळू माणूसच अन्यायाचा एक खिळा असूं शकतें, हें दिसल्यावर प्रेक्षक अस्वस्थ होतो. कॅमेऱ्याची स्थिरता येथें ऐट म्हणून आलेली नाहीं. न्याययंत्रणेचा थंडपणा तिनेंच दाखविला आहे.

उलटपक्षीं, कलेची पाटी नसली म्हणजे गांभीर्य नसतेंच, असेंहि नाहीं. बदलापूरचें नांव घेऊन २०१५ सालीं आलेला श्रीराम राघवन यांचा हिंदी चित्रपट सुडाची कथा म्हणून विकला गेला. त्याचा नायक वर्षानुवर्षें सूड मनांत धरून या गांवांत राहतो. पण शेवटीं गुन्हेगारच त्याचा अपराध स्वतःवर घेतो, आणि कोण अधिक खालीं उतरला, हा प्रश्न प्रेक्षकाच्या पदरीं टाकून चित्रपट संपतो.

तात्पर्य, न समजणें हा खोलीचा पुरावा नव्हे, तसाच ढोंगाचाहि नव्हे. चित्रपटाची रीति क्षणभर बाजूला ठेवून पाहावें. तिच्यावांचून जर कांहींच उरत नसेल, तर ती नक्षी होती. जर मागें एखादें माणूस, त्याची भूक, त्याचें गमावलेलें घर उरत असेल, आणि त्याला दाखविण्यास दुसरी रीति अपुरी पडली असती असें वाटत असेल, तर ती खोली होती. परंतु हें पाहण्यासाठीं प्रेक्षकालाहि थोडे श्रम घ्यावे लागतात. अंबरनाथच्या देवळाबाहेर उभें राहून नक्षीची स्तुति किंवा निंदा कोणीहि करूं शकतो; गाभाऱ्याविषयीं बोलण्याचा अधिकार मात्र त्या वीस पायऱ्या उतरून आलेल्यालाच आहे.