झर्क्सीसच्या सैन्याची बेरीज

सरकारी दप्तरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस हे सांगावयास नको, की मनुष्य शब्दांवर जितक्या लवकर संशय घेतो तितका आकड्यांवर घेत नाही. "पुष्कळ लोक जमले होते" असे कोणी लिहिले, तर पुष्कळ म्हणजे किती, असा शेरा आपण ताबडतोब मारतो. त्याच जागी "४१,३७५ लोक जमले होते" असे आले, की लेखणी पुढे सरकते. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्याने मोजल्यावाचून का लिहिले असेल, असे मनाला वाटते. हा भोळेपणा फार जुना आहे. त्याचे एक थोर उदाहरण इतिहासाचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो त्या हिरोडोटसच्याच ग्रंथात सापडते.

इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला. थ्रेस प्रांतातील डोरिस्कस येथे त्याने सैन्याची मोजदाद केली. दहा हजार माणसे होईल तितक्या दाटीने उभी करून त्यांच्याभोवती रेघ ओढली, त्या रेघेवर बेंबीएवढ्या उंचीची भिंत घातली आणि मग ते आवार पुन्हा पुन्हा भरून रिकामे केले. अशा रीतीने पायदळ १७,००,००० भरले, असे हिरोडोटस सांगतो. म्हणजे ते आवार १७० वेळा भरले असले पाहिजे.

यापुढचा हिशेब त्याने स्वतः मांडला आहे. लढाऊ गलबते १,२०७; दर गलबतावर २०० माणसे, म्हणजे २,४१,४००. शिवाय दर गलबतावर आणखी ३० सैनिक, ते ३६,२१०. लहान नावा ३,०००. प्रत्येकीवर कमीअधिक ८० धरून २,४०,०००. घोडेस्वार ८०,००० आणि उंटस्वार व रथी मिळून २०,०००. ही आशियातून आलेली फौज २३,१७,६१० झाली. वाटेत युरोपातून मिळालेली ३,२४,००० माणसे त्यांत घातली, तेव्हा आकडा २६,४१,६१० वर गेला. नोकरचाकर व बाजारबुणगे लढवय्यांहून कमी नसावेत, म्हणून ही रक्कम दुप्पट केली आणि एकूण ५२,८३,२२० माणसे झाली.

वाचकांनी कागद घेऊन ही बेरीज पडताळून पाहावी. ती बिनचूक आहे. परंतु या एका रकमेत काय काय मिसळले आहे तेही पाहावे. गलबतावरील माणसांची संख्या सरासरीने धरलेली, नावांवरील संख्या "कमीअधिक", युरोपातील भरती ही त्याने स्वतःच अटकळ म्हणून दिलेली, आणि अखेरीस सर्वच रक्कम अंदाजाने दुप्पट केलेली! अंदाजांवर अंदाज रचूनही शेवटी ते "२२०" मात्र जागच्या जागी राहिले आणि त्या तीन आकड्यांनीच सगळ्या रकमेला मोजणीचे रूप आले.

यानंतर हिरोडोटस धान्याचा हिशेब करतो. दर माणशी दर दिवशी एक खोइनिक्स गहू. अठ्ठेचाळीस खोइनिक्सांचा एक मेडिम्नस. तेव्हा रोज १,१०,३४० मेडिम्नस गहू लागला असेल, असे तो लिहितो. येथे मात्र भागाकार चुकला आहे. ५२,८३,२२० ला ४८ ने भागले असता १,१०,०६७ येतात. चूक २७३ मेडिम्नसांची.

आता एखाद्या दक्ष लेखापरीक्षकाच्या हाती हा कागद पडला, तर काय होईल? तो २७३ मेडिम्नसांवर तांबड्या शाईने खूण करील, खुलासा मागवील आणि बावन्न लाख माणसे मुकाट्याने मंजूर करील. कारण बेरीज बरोबर आहे! हिशेब तपासणे आणि आकडा तपासणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, याचा आपल्याला नेहमी विसर पडतो.

आकडा तपासावयाचा तो रस्त्यावर आणि चुलीपाशी. हान्स डेलब्रुक या जर्मन इतिहासकाराने हे काम केले. त्याच्या देशाच्या लष्करी नियमांप्रमाणे तीस हजारांचे दळ कूच करू लागले, की सामानसुमान सोडूनही सुमारे बावीस किलोमीटर रस्ता व्यापते. झर्क्सीसचे सैन्य बेचाळीस लाखच धरले, तरी रांग तीन हजार किलोमीटरांहून लांब होते. म्हणजे आघाडीचा शिपाई थर्मोपिलीच्या खिंडीशी पोहोचला तेव्हा पिछाडीचा इराणातील सूसा नगरातून नुकता निघत असावयाचा!

धान्याचेही तसेच. मेडिम्नसभर गहू सुमारे चाळीस किलो धरला, तर दुरुस्त भागाकारानेही रोजचे ४४,००० क्विंटल होतात. दहा क्विंटलांची एक याप्रमाणे रोज ४,४०० गाड्या आणि गाडीस बैलांसह सहा मीटर जागा दिली, तर एका दिवसाच्या अन्नासाठी सव्वीस किलोमीटरांची रांग लागते. त्यांत जनावरांची वैरण नाही.

गंमत अशी, की हिरोडोटसलाही हे जाणवले होते. काही नद्यांचे पाणी आटले याचे त्याला नवल वाटत नाही. इतक्या लोकांना अन्न पुरले कसे, याचे वाटते. प्रश्न त्याने अगदी योग्य विचारला. परंतु त्याने संशय घेतला तो कोठारावर, संख्येवर नव्हे. कारण ती संख्या ग्रीकांना हवी होती. थर्मोपिली येथील स्मारकलेखातच शत्रू तीस लाख असल्याचे कोरलेले होते. शत्रू जितका मोठा, तितका त्याला अडविणारा मोठा. आधुनिक पंडितांचे अंदाज परस्परांशी जुळत नाहीत, पण ते सगळे या आकड्याहून कितीतरी खाली आहेत.

ग्रीकांस हसण्यापूर्वी आपण आपल्या घरात डोकावावे हे बरे. पानिपताच्या बखरींतही फौजा लाखांनी चालतात. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड छापला. त्यातील पत्रांत भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांकडे रसदेसाठी आणि पैशासाठी तगादा लावताना दिसतात. सैन्य खरे केवढे होते आणि ते का बुडाले, हे समजावयाचे असेल तर बखरीतील लाखांहून पत्रांतील ही पोटाची काळजी अधिक भरवशाची आहे.

त्याच युद्धाची वार्ता पेशव्यांना प्रथम कळली ती एका सावकारी पत्राने, हे सर्वांस ठाऊक आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गमावल्या, असे त्यात होते. आणि रुपये व खुर्दा किती गेला याची गणती होत नाही, असेही होते. पै-पैचा हिशेब ठेवणे हाच ज्याचा धंदा, त्याने मोती आणि मोहरा मोजल्या आणि जेथे मोजता आले नाही तेथे तसे स्पष्ट लिहिले. त्याला एखादी रक्कम ठोकून देणे अवघड नव्हते, आणि ती कोणी तपासलीही नसती. आपल्या तक्त्यातील रिकामा रकाना भरण्यासाठी लेखणी उचलताना तो निनावी सावकार आठवावा.