भूकंपाची साक्ष

१५ जानेवारी १९३४ रोजी भर दुपारी बिहारची धरणी हादरली. मुंगेर, मुझफ्फरपूर, मोतीहारी पाहता पाहता ढासळली, नेपाळातही हाहाकार उडाला. दहा हजारांहून अधिक जीव गेले. शेतांना भेगा पडून खालची वाळू वर आली, विहिरी तिने भरून गेल्या.

महात्मा गांधी तेव्हा अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. तिरुनेलवेलीच्या सभेत त्यांनी सांगितले, की अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे.

रवींद्रनाथ ठाकूरांना हे मानवले नाही. अस्पृश्यता हे पापच, याबद्दल दोघांत तिळमात्र मतभेद नव्हता, हे आधी ध्यानात घ्या. रवींद्रनाथांचे म्हणणे असे, की भूकंपाची कारणे सृष्टीतच शोधावी लागतात. शिवाय हा युक्तिवाद गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांनाच अधिक शोभतो. अस्पृश्यता मोडायला निघालात म्हणून देव कोपला, असे सनातन्यांनी म्हटले तर? मला तर या वादातला हाच प्रश्न सर्वांत बोचरा वाटतो. एकच साक्षीदार दोन्ही पक्षांच्या बाजूने बोलू लागला, तर न्यायाधीशाने काय करावे?

गांधींनी मात्र विरोधाचे ते निवेदन दडपले नाही. १६ फेब्रुवारीच्या ‘हरिजन’मध्ये ते छापले आणि त्याच अंकात उत्तर दिले. माघार नाही, पण ही माझी श्रद्धा आहे, मला ती सिद्ध करता येणार नाही, असे स्वच्छ कबूल केले. सभा जिंकणाऱ्या पुढाऱ्याच्या तोंडून एवढे तरी आपण कधी ऐकतो का? भूगर्भशास्त्रज्ञ पुढे गावोगावच्या भेगा आणि पडझड तपासत राहिले. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये निघाला.

आपण वारकऱ्यांनी येथे चोखोबांना आठवावे. मंगळवेढ्याचे गावकूस कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. त्या भिंतीवरून त्यांच्या पापाचा हिशेब कोणत्या संताने मांडला? परंपरा सांगते, की नामदेवराय तेथे गेले आणि ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी वेचून पंढरीस आणल्या. ते नाम आपण श्रद्धेने ऐकतो, कोणाला दोषी ठरवण्यासाठी नव्हे.

त्या अस्थींची समाधी महाद्वारापाशी आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकांशी बोलले. मागणी एकच होती, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना मोकळे व्हावे. तिला भूकंपाच्या साक्षीची गरज नव्हती. चोखोबांच्या समाधीपर्यंत येऊन त्यांचीच माणसे पुढे जाऊ शकत नव्हती, आणि हे पायरीवर उभा राहिलेला कोणीही वारकरी डोळ्यांनी पाहू शकत होता.