आज रात्रपाळी कुणाची? शिफ्टचं वेळापत्रक सांभाळणारा डेटाबेस असा बनतो

संध्याकाळी शीळफाट्यावर उभे राहा. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेलकडचे रस्ते इथे येऊन मिळतात आणि ट्रॅफिकमध्ये कंपन्यांच्या बसही अडकलेल्या दिसतात. कुणी ड्युटीवर निघालेलं असतं, कुणी सुटून घरी. प्रत्येकाची पाळी कुणीतरी आधी ठरवलेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती अजूनही एक्सेल शीटवर ठरते. तिचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला की झालं वेळापत्रक!

दहा-पंधरा माणसं असतील तर हे खपून जातं. माणसं वाढली की घोळ सुरू होतो. एकाच माणसाला दोन ठिकाणी ड्युटी लागते, रजेवर असलेल्याचं नाव रात्रपाळीत येतं, ओव्हरटाइमचे तास गायब होतात. म्हणून डेटाबेस लागतो.

एक मोठा तक्ता नको, छोटे तक्ते हवेत

आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडलं. त्याचा सोपा अर्थ असा: माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवा आणि क्रमांकाने जोडा. शिफ्टसाठी साधारण हे तक्ते लागतात:

- कर्मचारी: क्रमांक, नाव, कामाचं कौशल्य
- शिफ्टचे प्रकार: पहिली, दुसरी, रात्रपाळी
- नेमणूक: कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत
- रजा: कुणाची, कोणत्या तारखांना
- हजेरी: प्रत्यक्षात कधी आला, कधी गेला

नेमणूक आणि हजेरी वेगळी का? कारण ठरलेलं आणि घडलेलं यातला फरक म्हणजेच ओव्हरटाइम. दोन्ही एकाच रकान्यात लिहिलं, तर महिनाअखेरीस कामगाराकडे पुरावाच राहत नाही.

रात्रपाळीची गोची

रात्री १० ते सकाळी ६. नुसती वेळ साठवली, तर कॉम्प्युटर ६ मधून २२ वजा करतो आणि उत्तर येतं उणे १६ तास! उपाय सोपा आहे. सुरुवात आणि शेवट, दोन्हींची तारीख आणि वेळ एकत्र साठवायची. मग १४ तारखेची रात्रपाळी १५ तारखेला संपते, हे आपोआप कळतं.

डबल ड्युटी कशी पकडायची?

नवी शिफ्ट जुनी संपण्याआधी सुरू होत असेल आणि जुनी सुरू झाल्यानंतर संपत असेल, तर दोन्ही एकमेकींवर चढतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट’ लावून अशी नोंद डेटाबेसलाच नाकारायला सांगता येतं.

पण चढत नाही म्हणजे ठीक, असंही नाही. दुपारी २ ते रात्री १० ची पाळी करून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला यायचं असेल, तर मध्ये ८ तास उरतात. त्यातच दोन्ही वेळचा प्रवास, जेवण आणि झोप. म्हणून दोन शिफ्टमधलं किमान अंतरही तपासायला हवं.

नियम कोडमध्ये कोंबू नका

दुकानं आणि आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तास आणि तीन महिन्यांच्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. कारखान्यांचे नियम आणखी वेगळे.

म्हणजे नियम बदलतात. ते वेगळ्या तक्त्यात, ‘कधीपासून लागू’ या तारखेसह ठेवले, तर जुन्या महिन्याचा हिशोब जुन्याच नियमाने होतो.

खोडायचं नाही, नोंदवायचं

दोघांनी पाळी बदलून घेतली, तर जुनी नोंद पुसू नका. ती ‘रद्द’ करा, नवी टाका आणि बदल कुणी, कधी मंजूर केला तेही लिहा. उद्या “तू आलाच नाहीस” असा वाद झाला, तर कुणाची ड्युटी होती हे तोंडी सांगत बसावं लागणार नाही. नोंदच सांगेल.