बाळाचा श्वास कोणी मोजला?



इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. आजची लढाई वेगळी आहे, आणि ती फार लांबची नाही. आपल्या वणी तालुक्यातून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा, त्याच्या पलीकडे गडचिरोली. तिथे ही लढाई झाली. लढणाऱ्यांत गावातल्याच बाया होत्या, आणि ती होती तान्ह्या बाळांच्या जिवासाठी.

आपल्या आज्यांना विचारा, किती बाळंतपणं झाली आणि किती मुलं जगली. दोन आकडे वेगळे येतात. मधल्या मुलांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे बाहेरचं झालं. मूल धापा टाकू लागलं की ‘डब्बा झाला’ म्हणायचे आणि पोटावर डाग द्यायचे. तो डब्बा म्हणजे पुष्कळदा न्यूमोनिया असे. त्यावर औषध होतं, पण ते गावात नव्हतं.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परत आलं आणि १९८६ साली गडचिरोलीत कामाला लागलं. त्यांच्या संस्थेचं नाव ‘सर्च’. त्यांनी आधी एक साधी गोष्ट केली, ती म्हणजे मोजणी. गावोगावी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून काढायचा. जे मूल मोजलंच जात नाही, त्याच्या मरणाचं उत्तर कोण कोणाला मागणार?

मोजणीतून दिसलं की न्यूमोनिया हा मुलांचा मोठा वैरी आहे. मग १०२ गावांत अभ्यास झाला. ५८ गावांत गावचे आरोग्यसेवक आणि सुईणी यांना न्यूमोनिया ओळखायला आणि गोळ्या-औषध द्यायला शिकवलं. ४४ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे नेहमीच्या सेवा चालू राहिल्या.

न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटभर बाळाचे श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचे पन्नास किंवा जास्त झाले, तर धोका. पण अनेक सुईणींना एवढं मोजता येत नव्हतं. मग एक साधं यंत्र तयार झालं. त्यात एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी होत्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. अक्षर न येणारी सुईणही आता निदान करू लागली.

निकाल १९९० साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांत शंभरात एकाहूनही कमी मूल दगावलं. तुलनेच्या गावांत हेच प्रमाण शंभरात साडेतेरा होतं.

तरीही जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर घरोघरी लक्ष ठेवलं गेलं. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरची नजर पडली ती शंभरात तिघांवरही नाही. यात आईचा दोष नव्हता. बाळंतीण अंधाऱ्या खोलीत, दवाखाना लांब, रस्ता नाही, हातात पैसा नाही. बाळ दवाखान्यात जात नसेल तर दवाखाना बाळाकडे न्यायचा, असं ठरलं.

मग प्रत्येक गावात पाचवी ते दहावी शिकलेली एक बाई निवडली गेली. ती बाळंतपणाला हजर राहायची, बाळाचं वजन करायची, त्याला ऊब द्यायची, चीक पाजायला सांगायची, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायची. आणि जंतुदोषाची लक्षणं दिसली, तर घरच्यांच्या संमतीने जेंटामायसिनचं इंजेक्शनही द्यायची.

इथेच खरा वाद होता. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई द्यायची का? शंका रास्त होती, कारण चुकीची सुई जीव घेऊ शकते. पण दुसऱ्या बाजूला, सुईच नसल्यामुळे जाणारे जीव कोणी मोजत नव्हतं. उत्तर वादातून मिळणार नव्हतं. म्हणून प्रशिक्षण कडक ठेवलं, देखरेख ठेवली, प्रत्येक बाळाची नोंद ठेवली.

सुरुवातीला या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात जात होती. १९९७-९८ पर्यंत हा आकडा सुमारे २५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठच्या आसपासच राहिला. १९९९ साली हेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारने हे काम आशाताईंकडे दिलं.

म्हणजे आपली आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी दारात येते, तेव्हा तिच्या पिशवीत हा सगळा इतिहास असतो. बाळंतपण घरी झालं असेल, तर ती पहिल्या दिवशीही येते. कोळशाच्या धुळीत, चुनाभट्टीवर राबून थकलो असलो, तरी तिला ‘नंतर या’ म्हणू नये. बाळ जिथे झोपतं तिथे चुलीचा धूर कोंडू देऊ नये.

आणि या खुणा ध्यानात ठेवा. बाळाचं रडणं बारीक झालं, दूध ओढेनासं झालं, अंग लुळं पडलं, गार पडलं किंवा तापलं, पोट फुगलं, श्वासासोबत कण्हू लागलं, छातीत खड्डे पडू लागले, बेंबीत पू दिसला. यातली एक जरी खूण दिसली, तर सकाळची वाट पाहू नका. आशाताईला हाक मारा, १०८ ला फोन लावा, दवाखाना गाठा. डाग देऊ नका.

गडचिरोलीच्या त्या बाया आपल्यासारख्याच होत्या. शेतात जाणाऱ्या, चूल सांभाळणाऱ्या, पाच-सात यत्ता शिकलेल्या. त्यांनी लिहिलेल्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांनी वाचल्या. आज ऐकलेलं शेजारच्या बाळंतिणीला जरूर सांगा.