ल्युकेमिया आणि फ्लो सायटोमेट्री

फ्लो सायटोमेट्री : द्रवाच्या बारीक धारेतून एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिचा आकार, आतली रचना आणि तिच्यावरची प्रथिने मोजण्याचे तंत्र. रुग्णालयात याला नुसते ‘फ्लो’ म्हणतात. पेशीविज्ञानात त्याचे उपयोग अनेक आहेत. पण एड्सचा अपवाद सोडला, तर ल्युकेमियाइतका, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाइतका, दुसऱ्या कोणत्याही आजारात त्याचा आधार घेतला जात नाही. गाठीच्या कर्करोगातील पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्या आधी सुट्या कराव्या लागतात. रक्तातल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशी मुळातच सुट्या असतात.

तंत्र : रक्त किंवा कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा गोठणरोधक घातलेल्या नळीतून प्रयोगशाळेत येते. तांबड्या पेशी फोडून काढून टाकल्यावर उरलेल्या पांढऱ्या पेशींत प्रतिपिंडांचे मिश्रण घालतात. प्रत्येक प्रतिपिंड एका ठरावीक प्रथिनालाच चिकटते आणि त्याला जोडलेले रंगद्रव्य लेझरखाली आपल्या ठरलेल्या रंगात चमकते. नमुन्याच्या धारेभोवती दुसऱ्या द्रवाचे वेगवान आवरण वाहत असते. त्यामुळे मधली धार इतकी अरुंद होते की पेशींना एकीमागून एक जावे लागते. समोर विखुरणाऱ्या प्रकाशावरून पेशीच्या आकाराचा अंदाज येतो, काटकोनात विखुरणाऱ्या प्रकाशावरून आतल्या कणांचा. सेकंदाला हजारो पेशी अशा मोजल्या जातात. पडद्यावर उमटतात ते ठिपक्यांचे पुंजके. त्यांतला कोणता पुंजका वेगळा काढून पुढे तपासायचा, याला ‘गेटिंग’ म्हणतात आणि रोजच्या कामात ते अजूनही बहुतांशी माणूसच करतो. नवख्याच्या आणि मुरलेल्या तज्ज्ञाच्या अहवालात फरक पडतो तो इथेच.

इतिहास : विद्युत रोधावरून पेशी मोजण्याच्या तत्त्वाचे अमेरिकी पेटंट वॉलेस कूल्टर यांना १९५३ मध्ये मिळाले. लॉस अलामॉसमध्ये मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये पेशी निवडून वेगळ्या करणारे यंत्र बांधले. धारेचे थेंब करून त्यांना विद्युतभार देण्याची युक्ती त्यांनी स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांच्या शाईचे थेंब फेकणाऱ्या लेखनयंत्रावरून घेतली. स्टॅनफर्डमध्येच लेनर्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने पुढे लेझर व अनुस्फुरण वापरणारे यंत्र घडवले. यंत्र तयार होते, पण त्याला पुरवायला नेमकी प्रतिपिंडे नव्हती. ती अडचण केंब्रिजमध्ये जॉर्जेस क्योलर आणि सेसार मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये एककृंतक प्रतिपिंडांची पद्धत शोधून दूर केली. त्यानंतर प्रतिपिंडांची इतकी गर्दी झाली की एकाच प्रथिनाला प्रयोगशाळेगणिक वेगळे नाव पडू लागले. १९८२ मध्ये पॅरिसच्या कार्यशाळेत ‘सीडी’ क्रमांकांची पद्धत ठरली, तेव्हा हा गोंधळ आवरला.

निदान : सूक्ष्मदर्शकाखाली अपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, पुष्कळदा एकसारख्याच दिसतात, उपचार मात्र त्यांच्या कुळावर ठरतो. सीडी१९, सीडी१० आणि पेशीच्या आतले सीडी७९ए असेल तर बी-लिंफोब्लास्टिक. सीडी७ आणि पेशीच्या आतले सीडी३ असेल तर टी. सीडी१३, सीडी३३, सीडी११७ आणि मायलोपेरॉक्सिडेज असेल तर मायलॉइड. एका खुणेवर कधीच विसंबत नाहीत, कारण कर्करोगी पेशी परक्या कुळातली खूणही सहज मिरवते. वयस्कांमधल्या जुनाट लिंफोसाइटिक प्रकारात बी-पेशींवर सीडी५ दिसते, जे एरवी टी-पेशींचे प्रथिन आहे. जनुकीय दोष मात्र फ्लोने थेट दिसत नाहीत. त्यासाठी गुणसूत्रांच्या आणि रेणवीय चाचण्या लागतातच.

अवशिष्ट रोग : या तंत्राचे सर्वांत मोठे काम निदानानंतर सुरू होते. निदानाच्या वेळी रुग्णाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्करोगी पेशी असू शकतात. पहिल्या टप्प्याच्या औषधांनंतर मज्जेत ५ टक्क्यांहून कमी ब्लास्ट दिसले आणि रक्तातील पेशींची संख्या सावरली, की सूक्ष्मदर्शकाच्या हिशोबाने रोग शमला असे धरतात. तरीही हजार कोटी पेशी मागे असू शकतात. हाच अवशिष्ट रोग. फ्लो दहा हजारांत एक, म्हणजे ०.०१ टक्का, इतक्या खोलवर पाहू शकते. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयातील दारियो कँपाना, एलेन कूस्टन-स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की बालरुग्णांत अशा उरलेल्या पेशी आढळल्या तर आजार उलटण्याचा धोका स्पष्टपणे वाढतो. आज लिंफोब्लास्टिक ल्युकेमियात पुढचे औषध सौम्य ठेवायचे की तीव्र, हे ठरवताना या आकड्याइतके वजन क्वचितच दुसऱ्या कशाला असते.

तो आकडा मिळवणे सोपे नाही. पाच लाख पेशी मोजल्या तेव्हा ०.०१ टक्का म्हणजे जेमतेम पन्नास ठिपके. मज्जा काढताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला रक्त मिसळत जाते आणि आकडा खोटा कमी येतो, म्हणून पहिल्या ओढीतला नमुना फ्लोसाठी राखून ठेवावा लागतो. याहून अवघड पेच हेमॅटोगोन पेशींचा. औषधांतून सावरणाऱ्या मुलाच्या मज्जेत निरोगी बी-पेशींची नवी पिढी उगवते आणि तिच्यावरही सीडी१० व सीडी१९ असतात. निरोगी पेशींत या खुणा वयानुसार क्रमाक्रमाने बदलत जातात. कर्करोगी पेशी त्या वाटेपासून ढळून एका जागी साचतात, त्यांचे सीडी३८ बऱ्याचदा फिके आणि सीडी५८ गडद असते. हा फरक चुकला तर रोग शमलेल्या मुलाला विनाकारण तीव्र औषधे मिळतात.

मूळपेशी-संशोधन : टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९४ मध्ये मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी फ्लोने वेगळ्या करून प्रतिकारशक्ती खच्ची असलेल्या उंदरांत सोडल्या. आजार रुजला तो सीडी३४ असलेल्या आणि सीडी३८ नसलेल्या मोजक्या पेशींतून. कर्करोगाला स्वतःच्या मूळपेशी असतात या कल्पनेला त्यामुळे भक्कम आधार मिळाला. १९९७ च्या पुढच्या कामात डिक यांच्यासोबत असलेल्या डॉमिनिक बोने यांच्याच लंडनमधील गटाने २००८ मध्ये यात एक खोच दाखवली: पेशी निवडण्यासाठी वापरलेल्या सीडी३८-विरोधी प्रतिपिंडामुळेच उंदराची उरलीसुरली प्रतिकारयंत्रणा त्या पेशी नष्ट करत होती. ती अडवल्यावर सीडी३८ असलेल्या पेशींतूनही काही रुग्णांचा आजार रुजला. मोजमापाचे साधन निष्कर्षात कसे लुडबुडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण पेशीविज्ञानात विरळाच.

भारतातील काम : परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय आणि त्याची खारघरमधील संशोधन संस्था अ‍ॅक्ट्रेक ही अवशिष्ट रोग मोजण्याची देशातील महत्त्वाची केंद्रे आहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून निघालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून सीडी१९ असलेल्या पेशींवर सोडतात. उपचारानंतर मात्र कर्करोगी पेशी सीडी१९ टाकूनही देऊ शकतात आणि फक्त सीडी१९ च्या आधारे शोधणाऱ्या तज्ज्ञाला नमुना कोरा दिसतो. म्हणून अशा रुग्णांच्या तपासणीत सीडी२२, सीडी२४ आणि पेशीच्या आतले सीडी७९ए यांच्या आधारे बी-पेशी शोधतात.