ताडावरचा कर : ठाणे जिल्ह्यातील गावठी मद्याचा इतिहास

ठाण्याहून कशेळी-काल्हेरमार्गे भिवंडीकडे जाताना लागणारे पूर्णा गाव आज गोदामांसाठी ओळखले जाते. गोदामे येण्याआधी या खाडीपट्ट्यात भातशेती, मीठ आणि मासेमारी हे व्यवहार चालत. बांधांवर आणि खारट जमिनीच्या कडेला ताड आणि शिंदी वाढत. भिवंडी तालुक्याच्या उत्तरेला वज्रेश्वरी-गणेशपुरीकडच्या डोंगराळ भागात मोहाची झाडे होती. जुन्या ठाणे जिल्ह्यातील मद्य या दोन्हींपासून होई : किनाऱ्याकडे झाडाच्या रसापासून, डोंगराकडे मोहाच्या फुलापासून.

ताडी काढणे हे प्रामुख्याने भंडाऱ्यांचे काम. पायांत दोराचा फास अडकवून झाडावर चढायचे, कोवळा फुलोरा बांधून हलकेच ठेचायचा आणि त्याचे टोक धारदार पात्याने रोज पातळ तासायचे. गळणारा रस खाली बांधलेल्या मडक्यात जमतो. मडके आतून चुन्याने सारवले असेल तर रस गोड राहतो, तीच नीरा. चुना नसेल तर हवेतल्या यीस्टमुळे काही तासांतच तो फसफसू लागतो. सकाळी उतरवलेली ताडी सौम्य असते, संध्याकाळपर्यंत ती आंबट आणि कडक होते. त्यामुळे हा माल दूर पाठवण्याजोगा नव्हता, तो गावातच खपे. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत तर पीठ फुगवण्यासाठीही ताडी वापरत.

मोहाचे काम हंगामी. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात. वारली, कातकरी, ठाकूर बायका ती वेचून वाळवतात, आणि वाळलेले फूल मनुक्यासारखे दिसते. टंचाईच्या दिवसांत ते शिजवून खात असल्यामुळे या भागात मोह आधी अन्न होता, मग मद्य. मद्यासाठी फुले काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात, आंबल्यावर ती मडक्यात उकळतात आणि निघणारी वाफ नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात नेऊन थंड करतात. दोन मडकी, एक नळी आणि सरपण एवढ्यावर भट्टी उभी राहते. नेमका हाच साधेपणा ब्रिटिश सरकारला डाचू लागला.

एकोणिसाव्या शतकात बराच काळ सरकार मद्याचा महसूल मक्त्याने देई. मक्तेदार ठरलेली रक्कम भरी आणि आपल्या भागात लहान भट्ट्यांची दारू विकवी. उत्पादन किती झाले याचा कुणाला पत्ता नसे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने ही पद्धत मोडली. त्यामागे सीमाशुल्क, मीठ, अफू व अबकारी खात्याचा कमिशनर चार्ल्स प्रिचर्ड याचा हात होता. दारू मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांत गाळावी आणि तिच्यावर गॅलनमागे कर घ्यावा, हे सूत्र ठरले. उरणच्या भट्ट्यांना यातून महत्त्व आले. त्या पारशी व्यावसायिकांच्या हातात होत्या, आणि मोह तिथे पंचमहालासारख्या दूरच्या भागातून येई. म्हणजे ठाण्याच्या रानातले फूल रानात वाळत पडायचे आणि गुजरातेतल्या फुलाची दारू ठाण्यात विकली जायची. आदिवासींनी ती का घ्यावी, याचे उत्तर कायद्याजवळ नव्हते. चोरून भट्टी लावणे हेच त्यांचे उत्तर ठरले.

ताडीचा बंदोबस्त आणखी वेगळा. तिथे भट्टीच नसल्यामुळे कर झाडावर लागला. माड, ताड आणि शिंदी यांचे दर निरनिराळे होते आणि रस काढायच्या प्रत्येक झाडासाठी आगाऊ परवाना घ्यावा लागे. रस कमी गळाला तरी पैसे ठरलेले. दर वाढवत नेले तशा तक्रारी वाढल्या. काही ठिकाणी झाडाच्या बुंध्याशीच ताडी विकायला सवलत द्यावी लागली.

मोहाच्या बाबतीत पुढचे पाऊल 1892 च्या मुंबई मोह कायद्याने टाकले गेले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले बाळगण्यावर मर्यादा आल्या. दारू नव्हे, तर अन्न म्हणून घरात ठेवलेला कच्चा मालही आता संशयाचा विषय झाला. अबकारीच्या इतिहासात याहून कठोर तरतूद सापडणे अवघड.

याच काळात फ्रान्समध्ये उलटे चित्र होते. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याला स्वतःच्या सफरचंदांपासून मद्य गाळण्याचा आणि ठराविक प्रमाणापर्यंत कर न भरण्याचा हक्क होता. 1960 मध्ये तो वारसांकडे जाण्याचे बंद झाले, पण ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे तो राहिला. झाड असणे तिथे हक्काचा आधार होता, ठाण्यात ते करवसुलीचे निमित्त झाले. नॉर्मंडीच्या काल्व्हादोस या सफरचंदाच्या मद्याला पुढे प्रदेशाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. मोहाला तसे नाव कुणी दिले नाही.

विसाव्या शतकात दारूबंदी आली. 1930 च्या सविनय कायदेभंगात मद्याच्या दुकानांसमोर निदर्शने झाली. मुंबई प्रांतातील बाळ गंगाधर खेरांच्या मंत्रिमंडळातले डॉ. गिल्डर यांनी 1939 मध्ये मुंबई शहरात बंदी लागू केली. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ती प्रांतभर गेली. मोहफुलांसाठी 1950 मध्ये स्वतंत्र नियम झाले. नीरेला परवाना मिळे, ताडीला नाही. ब्रिटिशांनी महसुलासाठी घातलेली बंधने आता नैतिकतेच्या नावाने टिकली, आणि गावठी दारूचा धंदा काळा गूळ आणि नवसागर वापरणाऱ्या हातभट्ट्यांकडे गेला. साठच्या दशकात बंदी सैल झाली. परवान्याची देशी दारू आली, तीही मोठ्या कारखान्यांची.

द्राक्षाच्या वाइनचे नशीब निराळे. नारायणगावला 1980 च्या दशकात फ्रेंच साहाय्याने फेसाळ वाइन तयार होऊ लागली. 2001 मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणून करसवलती दिल्या, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क उभारले. 2009 मध्ये पुण्यात देशातल्या सुरुवातीच्या लघु-बिअर उद्योगांपैकी एक सुरू झाला. शेतमालापासून मद्य करणे हा उद्योग असू शकतो, हे मान्य करायला शासनाला एवढा काळ लागला, तोही भांडवल असणाऱ्यांच्या बाबतीत. मोहफुले वेचणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध राज्याने 2021 मध्ये उठवले. फुलापासून मद्य गाळायला मात्र परवाना लागतोच, आणि पाड्यावरच्या माणसाच्या आवाक्यात तो क्वचितच येतो.